हातात न दिलेला फोटो

आमच्या रुग्णालयात नवीन एक्स-रे मशीन आलं ते २०१५ च्या गणपतीनंतर. डहाणू आणि तलासरीच्या मधलं, हायवेपासून जरा आत असलेलं सरकारी रुग्णालय. नाव कशाला सांगू, उगाच चौकशी लागायची. मी तिथला एक्स-रे तंत्रज्ञ उमेश, वाणगावहून रोज येतो. पण पाड्यांवर मला या नावाने कोणी ओळखत नाही. तिकडे एक्स-रेला फोटो म्हणतात, म्हणून मी फोटोवाला.

मशीनपुढे नारळ फुटला, पेढे वाटले. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन माझ्या बोटांची सालं निघाली होती. आता बटण दाबलं की छाती कॉम्प्युटरवर. तिथून चित्र बाहेरच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाणार आणि चार दिवसांत छापील रिपोर्ट येणार. फिल्म नाही, पाणी नाही, तो घाणेरडा वास नाही.

जुनी पद्धत मात्र सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फोटो स्वच्छ निघाला की मी तो कपाटात ठेवायचो आणि माणसाला म्हणायचो, जा घरी. छातीत डाग दिसला तर फोटो त्याच्या हातात द्यायचो, कारण तो घेऊन त्याला पुढे डहाणूला जावं लागायचं. हा काही सरकारी नियम नव्हता, माझी सोय होती. पण त्यातून पाड्यापाड्यांत एक समजूत पक्की झाली. हातात फोटो दिला म्हणजे दुखणं आहे, रिकाम्या हाताने पाठवलं म्हणजे माणूस बरा आहे. मला हे ठाऊक होतं आणि बरंही वाटायचं. समजावत बसायला नको.

नवीन मशीन कुणालाच फोटो देत नव्हतं. एवढी साधी गोष्ट, पण ती माझ्या टाळक्यात शिरायला दोन महिने लागले.

दिवाळीच्या तोंडावर काळी नावाची एक पोरगी आली. वय असेल तेवीस-चोवीस, डोंगराकडच्या पाड्यावरची. खोकला दीड महिन्याचा. तपासायला बेडका मागितला तर नुसती थुंकी आली, म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो लिहून दिला होता. तिला मशीनपुढे उभं केलं, बटण दाबलं. स्क्रीनवर उजव्या बाजूला वर पांढरा डाग आणि त्याच्या मध्ये पोकळी. बावीस वर्षांत असे शेकड्यांनी बघितलेत, मला कुणी सांगायला नको. पण नव्या पद्धतीत तंत्रज्ञाने तोंड उघडायचं नाही, काय ते रिपोर्ट बोलेल. तसं लिहून देऊन मी सही केली होती.

"चार दिवसांनी ये, रिपोर्ट घेऊन जा," मी म्हणालो.

ती माझ्या हातांकडे बघत उभी राहिली. "फोटो?"

"फोटो नाही मिळत आता."

ती हसली. अगदी मोकळं हसली आणि निघून गेली. मला वाटलं, बाईला नवीन मशीनचं कौतुक वाटलं असेल. गाढव मी, दुसरं काय.

सुट्ट्यांमुळे रिपोर्ट लांबले. दिवाळी झाल्यावर गठ्ठा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आधीचाही गठ्ठा तसाच पडून आहे. न्यायला कुणी फिरकलंच नव्हतं. वॉर्डातली आया पुतळी फरशी पुसत होती. तिचं माहेर काळीच्याच पाड्यावरचं. मी तिच्याजवळ कुरकुर केली की या लोकांना स्वतःच्या जिवाची पर्वाच नाही.

पुतळीने फडकं बादलीत टाकलं. "पर्वा कशी नाय, भाऊ? तुम्हीच रिकाम्या हाताने पाठवता. बरं झालेलं माणूस परत कशाला येईल?"

मी खुर्चीवर बसलो. मला स्वतःचा राग आला आणि भीतीही वाटली. गठ्ठ्यात वरच काळीचा रिपोर्ट होता. मी पुतळीला विचारलं, ही कुठे सापडेल? ती म्हणाली, उद्या सकाळपर्यंत घरी आहे. मग मुकादमाचा ट्रक येणार, ती आणि नवरा लाहू गुजरातेत वीटभट्टीवर जाणार, ते पावसाच्या आधी परत. म्हणजे सहा-सात महिने धुळीत, धुरात, औषधाविना. तेवढे दिवस ती पोरगी टिकणार नव्हती.

आता रिपोर्ट घेऊन पाड्यावर गेलो तरी तो इंग्रजीतला कागद वाचणार कोण? त्यांना फोटो हवा. प्रिंट काढायची सोय आमच्याकडे नव्हती. मी जुनं कपाट उघडलं. वॉर्डात वारलेल्यांचे फोटो खालच्या खणात पडून होते. चिमण नावाच्या एकाचा काढला. तसाच डाग, उजवीकडेच. कोपऱ्यातला नंबर कात्रीने कापला. चूक केली का? केली. नोकरी गेली असती तर गेली असती.

सकाळी सात वाजता मोटरसायकलवरून पाड्यावर पोहोचलो. ट्रक उभा होता. टोपल्या, चटया, कोंबड्या, माणसं, सगळं चढत होतं. काळी वर बसलेली होती. तिचा सासरा झिपरू खाली मुकादमाशी बोलत होता.

मी म्हणालो, "झिपरूकाका, सुनेला उतरवा. तिच्या छातीत क्षय आहे."

"तुम्हीच तर रिकाम्या हाताने पाठवलीत तिला."

"ते माझं चुकलं."

"चुकलं कसं? एवढ्या वर्षांत तुमचं नाय चुकलं." तो माझ्यावर चिडला नव्हता, उलट मलाच धीर देत होता. "आणि भट्टीवर जोडी लागते, भाऊ. ही उतरली तर लाहूला पण उतरावं लागेल. मग वर्षभर खायचं काय?"

मी पिशवीतून फोटो काढला आणि उन्हासमोर धरला. ट्रकवरची माणसंसुद्धा वाकून बघायला लागली. झिपरूने डोळे बारीक केले, डागावर बोट ठेवलं. मग ट्रककडे वळून म्हणाला, "उतर गं." काळी उतरली, मागून लाहू उतरला. मुकादम काहीबाही बोलला आणि ट्रक त्या दोघांना टाकून गेला. झिपरूने फोटो घरात नेऊन आढ्याला खोचला. लाहू म्हणाला, सामान ठेवून मागून येतो, तुम्ही हिला घेऊन पुढे व्हा.

पाडा मागे पडल्यावर काळी मागच्या सीटवरून म्हणाली, "भाऊ, तो फोटो माझा नाय."

मी गाडी थांबवली. "कशावरून?"

"त्यातली एक फासळी मोडून सांधलेली होती. माझी कधी मोडली नाय."

मी म्हणालो, "दुसऱ्याचा आहे. पण दुखणं तुला खरंच आहे."

"माहीत आहे. महिना झाला, खोकताना रक्त पडतं."

माझा पारा चढला. "मग बोलली का नाहीस कुणाला?"

"बोलणारच होते. म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही रिकाम्या हाताने पाठवलंत. मग वाटलं, रक्ताचं काही नसेल. आपल्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं."

ती हे तक्रार केल्यासारखं बोलली नाही. तशी बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग तिने विचारलं, "आमच्या पाड्यावरच्या बारक्याचं पण असंच आहे का? तो पण तुमच्याकडून रिकाम्या हाताने आला. ट्रकमध्ये बसून गेला आता, बायकोपोरांसकट."

बारक्याचा रिपोर्ट अजून आला नव्हता. पण स्क्रीनवर दिसलेला त्याच्या छातीतला डाग मला चांगला आठवत होता. रिपोर्टची गरज नव्हती.

गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची रांग असते, अर्धा-पाऊण तास सहज मोडतो. त्यांचा ट्रक गाठता आला असता. पण फोटो झिपरूच्या आढ्याला राहिला होता, तो आणायला मागे फिरण्याएवढा वेळ नव्हता, आणि माझ्या नुसत्या शब्दाने बारक्या खाली उतरला नसता.

"त्याला दाखवायचं काय?" मी म्हणालो.

काळीने कमरेला खोचलेलं फडकं काढलं आणि उलगडून माझ्यासमोर धरलं. त्यावर रक्ताचे डाग होते, काही जुने, काही कालपरवाचे.

"हे दाखवते. मला पण रिकाम्या हातानेच पाठवलं होतं ना," ती म्हणाली. मी गाडी अच्छाडच्या रस्त्याला घातली.