गिअरच्या दांड्याची आंघोळ

जोगेश्वरीहून पवईकडे जाणारा चढ लागला की धर्माची गाडी आधी कण्हायची, मग गुरगुरायची आणि ऐन मोक्याला तिचा सेकंड गिअर आपोआप निसटायचा. मागे वेसाव्याचे बोंबील, पुढे मुलुंडच्या बाजाराची वेळ. धर्मा एका हाताने स्टिअरिंग सांभाळायचा, दुसऱ्याने गिअरचा दांडा दाबून धरायचा. "एवढा चढ काढ गं बाई," म्हणायचा. अडलेल्या बाळंतिणीला म्हणावं तसं.

शेवटी त्याने जुनाट ट्रक ओशिवऱ्याला अंबादास मिस्त्रीकडे नेला.

"न्यूट्रलला ठेव. क्लच दाब," अंबादास म्हणाला. आवाज थांबला. "आता सोड." पुन्हा गुरगुर. "बेअरिंग गेलं यार."

त्याने खालचा नट सोडला. ऑइल आलं ते दुधाळ, मातकट.

"काय रे, गिअरबॉक्समध्ये कटिंग चहा भरलास काय?"

दुपारी गिअरबॉक्स उघडून पडला. दात झिजून बोथट झालेले, बेअरिंगवर तांबूस गंज आणि कडेला पांढरी पूड. धर्माने ती बोटाने टिपून जिभेला लावली. खारट.

अंबादासने दांड्याच्या बुडाशी असलेला रबरी बूट ओढून दाखवला. मधोमध फाटलेला. "इथून उतरलंय पाणी. गाडी दर्यात घातलेलीस काय?"

धर्माला कळलं होतं.

बाप गेल्यावर होडी विकून हा ट्रक घेतला, त्याला सोळा वर्षं झाली. होडी गेली तरी त्याच्या आईचं, अंजनाबाईचं, दर पुनवेचं काम गेलं नाही. ती लुगड्याचा काष्टा आवळून किनाऱ्यावरून खाऱ्या पाण्याच्या बादल्या आणायची, ट्रक होडीसारखाच नाळेपासून वरवंडीपर्यंत, नाकापासून शेपटापर्यंत, धुवायची; ट्रकला नाळ नसते हे तिला कोण सांगणार! सगळ्यात शेवटी केबिनमध्ये चढायची आणि पूर्वी सुकाणूवर ओतायची तसा एक तांब्या गिअरच्या दांड्यावर ओतायची. "दिशा दावतो तो सुकानू," म्हणायची. ओतताना गुणगुणायची:

*दर्याचं गं पानी, दर्याचंच देनं*
*घराला गं येनं, धन्या माझ्या*

धनी तर कधीच गेला होता. ओवी तेवढी राहिली होती.

धर्माने तांब्याचं सांगितलं. "आईला सांग," अंबादास म्हणाला. "नवीन बूट टाकतो, पण तांब्याच ओतणार असेल तर बूट किती दिवस पुरणार? वर्षभरात परत येशील."

पुनव तीन दिवसांवर होती. धर्माला वाटलं, सांगूच नये. गुपचूप वर रेक्झिन शिवून टाकावं. पण भरली गाडी चढावर अडली की कोणाच्या हातामुळे अडली हे त्यालाच ठाऊक असणार, आणि ते ठाऊक असताना तिच्या ताटातली भाकर खायची कशी? संध्याकाळी ती बोंबील साफ करत होती, तेव्हा त्याने सांगितलं. डोळे वर न करता, थोडक्यात.

अंजनाबाईचा हात थांबला. "माझ्या पान्यानं?"

"बूट फाटलेला आये. माझी चूक. मी बघायला हवा होता."

"मी इचारलं ते सांग."

"होय. तुझ्या पान्यानं."

तिने पुन्हा बोंबील साफ करायला घेतले. तिसऱ्या दिवशी, पुनवेच्या सकाळी, चपला घालून दारात उभी राहिली. "मिस्त्रीकडं मना पन ने."

अंबादासने नवं बेअरिंग, नवे गिअर बसवून झाकण लावलं होतं. दांडा तेवढा बसायचा होता. जुनं बेअरिंग गोणपाटावर पडलेलं. म्हातारीने ते उचललं, फिरवून पाहिलं. ते अडखळलं. तिने पदराने पुसलं, परत ठेवलं.

"ही पिते तरी काय?"

अंबादासने मधासारखं जाड ऑइल दाखवलं. मग कोण जाणे काय वाटलं, माप तिच्याच हातात दिलं. "ओता मावशी. इथूनच, वरून. मी बस म्हणेपर्यंत."

ती केबिनमध्ये चढली. दांड्याच्या भोकातून ओतू लागली. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"बस," अंबादास म्हणाला. "आता दीड-दोन वर्षं बघायला नको."

"दोन वर्सं?" ती म्हणाली. "आनि तवर दर पुनवेला मी काय करू रं?"

अंबादास हातातलाच पाना खाली वाकून शोधू लागला.

दांडा बसला, गाडी सुरू झाली. धर्माने क्लच सोडला. गुरगुर नाही, कण्हणं नाही. अंजनाबाई शेजारच्या सीटवर कान देऊन बसली होती.

"काय बोलतच नाय ही."

"बरी झाली ना आये."

"हं."

तिने कोरडा हात दांड्यावर ठेवला. पहिला गिअर टाकायचा तर तो हात बाजूला करायला हवा होता. धर्माने केला नाही. आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि दोघांच्या हातांनी दांडा हळूच पुढे ढकलला.