सावरीनंतर, बदामाआधी

मित्रांनो, पोलादपूरच्या विश्रामबंगल्यामागे अवजारांची एक पडवी आहे. तिथे भिंतीला टेकून उभे असलेले जुने दाताळे म्हणजे मी.

महाडच्या गोमाजी लोहाराने मला घडवले. सागाचा लांब दांडा आणि पुढच्या आडव्या पट्टीत आठ लोखंडी दात, असे माझे रूप होते. पहिली काही वर्षे मी बंगल्याच्या वाटेवरची खडी सारखी करत असे. मी दगडांनाही हलवते, याचा मला थोडा गर्व होता.

१९५८ सालच्या दसऱ्याला येसाजी इथे माळीकामाला आला. तो मूळचा वर डोंगरावरच्या कुडपणचा. चौदा वर्षे त्याने मुंबईत क्रिकेटच्या एका मैदानावरची हिरवळ राखली होती. त्याची बायको ठमाबाई गावची नाचणीची शेती एकटीने सांभाळायची. गणपतीला आणि शिमग्याला येसाजी घरी जायचा, एवढाच त्यांचा संसार. पोलादपूरला काम आहे असे कळताच तो मुंबई सोडून आला.

पण काम पक्के नव्हते. बंगल्याच्या डागडुजीत अंगणभर वाळू-खडीचे ढीग पडले होते आणि त्यांच्याखाली जुनी हिरवळ मरून गेली होती. ओव्हरसियर साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितले, “येसाजी, फेब्रुवारीत मोठे साहेब पाहणीला येतील. तोवर अंगण हिरवे झाले, तर तुला कायम करावे असे मी लिहीन. नाही झाले, तर माझा इलाज नाही.”

येसाजीने मुंबईहून हरळीच्या बियांची थैली आणली होती. दिवाळी होताच त्याने माती भुसभुशीत करून अर्धी थैली पेरली. दहाव्या दिवशी केसांसारखे बारीक कोंब वर आले. तो फार खूश झाला.

अंगणाच्या कडेला काटेसावरीची दोन मोठी झाडे आहेत आणि फाटकाजवळ एक जंगली बदाम. कोंब आले त्याच आठवड्यात घाटाकडून वारा सुटला आणि सावरीची पाने गळू लागली. सकाळी पाहावे तर सारे अंगण पानांनी झाकलेले. पानांखाली कोंब पिवळे पडू लागले. येसाजीने घाईने मला उचलले आणि पाने ओढायला सुरुवात केली. पण माझे दात पडले खडी ओढणारे. पानांबरोबर कोंबही मुळासकट उपटून येऊ लागले. मला थांबता येत नव्हते आणि त्याला थांबणे परवडत नव्हते. चार दिवसांत अंगण पुन्हा उघडे पडले. येसाजी पायरीवर बसून राहिला. मी त्याच्या शेजारी पडून होते. मला इतके वाईट कधी वाटले नव्हते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ठमाबाई डोंगर उतरून आली. पाठीवर मोठी टोपली होती. डोंगरावरचे लोक वाळलेली पाने, म्हणजे पातेरा, गोळा करून ठेवतात. पावसाआधी ती शेतात भाजतात आणि त्या राखेत रोपांसाठी बी टाकतात. त्यामुळे बंगल्यातली ही पाने तिला हवीच होती. ती अंगणात आली आणि खाली वाकून माती पाहू लागली.

“बी किती उरलंय?” तिने विचारले.

“अर्धी थैली. उद्या तेच टाकतो. थंडी वाढली की उगवायचं नाय गो. मुंबईत आमी सीझन बघूनच टाकायचो.”

“मुंबईच्या मैदानात सावर व्हती?”

येसाजीने मान वर करून सावरीकडे पाहिले.

“सावर एकदा गळाया लागली की वीस दिसांत उघडी व्हते,” ठमाबाई म्हणाली. “मग तिच्याखाली काय पडत नाय. बदाम मागून गळतो, पौषात. मधी महिनाभर गावतो. तवा पेरा.”

“आन थंडीचं काय?”

“पातेऱ्याचा बारीक चुरा करून वरनं पातळ पसरू. खालची माती ऊब धरते. गावाला वाफ्यावर आमी तेच करतो.” मग तिची नजर माझ्याकडे वळली. “आन ह्याचे दात काढा. कोवळ्या गवताला लोखंड कशाला?”

त्या दुपारी येसाजीने माझे आठही दात उपटले. ठमाबाईने बांबू चिरून पातळ कामट्या केल्या, चुलीवर शेकून त्यांची टोके वाकवली आणि माझ्या पट्टीत बसवल्या. सुरुवातीला मला लाज वाटली. आता मला खडीचा एक दगडही हलवता आला नसता. पण दांडा हातात घेऊन ठमाबाईने मला मातीवरून फिरवले, तेव्हा पाने तेवढी उचलली गेली आणि मातीवर साधा ओरखडाही उठला नाही.

डिसेंबरच्या मध्यावर सावरी पूर्ण उघड्या झाल्या. दोघांनी मिळून उरलेले बी पेरले आणि वर पानांचा चुरा भुरभुरला. शेत दिराकडे, रावजीकडे, सोपवून ठमाबाई माळ्याच्या खोलीत राहायला आली. सावित्री नदीचे पाणी आणून दोघे सकाळ-संध्याकाळ अंगणात शिंपडायचे. दहा दिवस गेले. पंधरा गेले. मातीतून काहीच वर येईना.

सतराव्या दिवशी संध्याकाळी येसाजी म्हणाला, “मुंबईच्या मुकादमाला पत्र टाकतो. परत घेतो का बघू.”

“चार दिस थांबा,” ठमाबाई म्हणाली. “चौदा वर्सं थांबलोच की.”

दुसऱ्या सकाळी पाणी शिंपडता शिंपडता ती मध्येच थांबली. “हिकडं या,” तिने हळूच हाक मारली. येसाजी जमिनीवर पालथा पडला आणि डोळा मातीला लावून पाहू लागला. चुऱ्याच्या फटींतून हिरव्या सुया वर आल्या होत्या. तो बराच वेळ तसाच पडून होता.

जानेवारीत बदामाची मोठी लाल पाने गळू लागली. दव सुकल्यावर, पाने कोरडी झाली की येसाजी मला बाहेर काढायचा. मी गवताच्या शेंड्यांवरून अलगद फिरायचे. त्या साऱ्या महिन्यात माझ्या दातांना एकही कोंब लागला नाही. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले काम ते हेच.

फेब्रुवारीत मोठे साहेब आले. अंगण पाहून त्यांना बरे वाटले. “खुर्ची इथे गवतावरच मांडा, चहा इथेच घेऊ,” ते शिपायाला म्हणाले.

येसाजी मला हातात धरून कडेला उभा होता. तो पुढे झाला. “साहेब, माफी करा. गवत दोन महिन्यांचं हाय. खुर्चीचे पाय रुततील. पुढल्या साली कुठं पण बसा.”

ओव्हरसियर साहेबांचा चेहरा उतरला. मला वाटले, संपले सारे. मोठ्या साहेबांनी येसाजीकडे पाहिले, मग माझ्या बांबूच्या दातांकडे पाहिले आणि ते व्हरांड्यात जाऊन बसले. जाताना त्यांनी ओव्हरसियरना एवढेच सांगितले, “हा माणूस जाऊ देऊ नका.”

चैत्रात नेमणुकीचा कागद आला. ठमाबाई कुडपणहून आपली तांब्या-पितळेची भांडी घेऊन कायमची राहायला आली. तेव्हापासून बंगल्यातला पातेरा दरवर्षी रावजीच्या शेताला जातो.

मध्ये दोन वर्षे माझे हाल झाले. नवी लोखंडी दाताळी आली आणि कुणीतरी मला पावसात विसरले. माझा सागाचा दांडासुद्धा कुजून गेला. ठमाबाईनेच मला शोधून काढले आणि नवा दांडा बसवला. म्हणून सांगते, मित्रांनो, काम झाले की अवजार पुसून कोरड्या जागी ठेवा. आणि कोवळ्या रोपाजवळ जाताना हातात काय आहे, ते आधी बघा.

परवा रायगडाच्या सहलीला निघालेली एक शाळा इथे थांबली. मुले गवताच्या कडेला थबकली, कारण गुरुजींनी त्यांना अडवले होते. येसाजी आता म्हातारा झाला आहे. तो हसला आणि म्हणाला, “जाऊ द्या, गुरुजी. ल्हान व्हतं तवा आमी जपलं त्याला. आता पोरं पडली, तर तेच त्यांना झेलील.”