आजोबांवरचा झेंडा

पक्षाध्यक्षाची निवडणूक झाली आणि आठवड्याभरातच आजोबा गेले. बाबा जिंकलेल्या गटाचे, काका हरलेल्या. त्यामुळे आमच्या शाखेला आता दोन प्रमुख होते आणि दोघेही आजोबांचेच मुलगे. जुन्या सभासदाच्या अंगावर शेवटचा झेंडा शाखाप्रमुखाने घालायचा, ही पक्षाची रीत. दोघेही आपापला झेंडा घेऊन हजर!

"प्रमुख मी आहे," बाबा म्हणाले.

"कोणी केलं रे दादा तुला? वरच्यांपुढे शेपूट हलवून झालास ना?" काका.

मी नुकतीच शाळेत वक्तृत्वात पहिली आले होते, गप्प बसणं जमतच नव्हतं. "एकच झेंडा घ्या आणि दोघं दोन टोकं धरा की!" मी ठणकावलं. चक्क दोघांनी ऐकलं! मला तर आकाश ठेंगणं झालं.

पण फोटोग्राफर पुढे आला आणि दोघांनाही डोक्याकडचंच टोक हवं झालं, कारण फोटोत आजोबांचा चेहरा तिकडे येणार होता. त्या ओढाताणीत आजोबांची मान एका बाजूला कलंडली.

आजी उठली. तिने मान सरळ केली आणि झेंडा बाबांच्या हातात कोंबला. "चालते व्हा. दोघंही."

दोघं गेले. त्यांच्यामागोमाग दोन्ही गटांची माणसंही निघून गेली. खोलीत आम्ही दोघीच उरलो.

"आता यांना उचलणार कोण गं?" आजीने विचारलं.