जड पट्टी

काळ्या पट्टीच्या कडेला कुणाच्या तरी नखाचा ओरखडा होता, आणि तेवढ्यावरूनच तिनं ओळखलं की या दुकानात येणारे लोक पियानो वाजवत नाहीत, खाजवतात. तिनं ती पट्टी दाबली... सावकाश, अगदी सावकाश.

"आजी, तो बंद आहे," विक्रेता म्हणाला आणि त्यानं बटण दाबून दिलं.

बंद आहे म्हणूनच तर! गोड आवाज काय, कुठलाही डबा काढतो. बोटाखाली वजन आहे की नुसता पोकळ भपका, ते बंद असतानाच कळतं — सारा जन्म पोरांना हेच शिकवण्यात गेला, आता या टाय अडकवलेल्या शहाण्याला कोण शिकवणार? तिनं बटण पुन्हा बंद केलं.

मुलीच्या घरी राहायला आली तेव्हा तिचा जुना पियानो जिन्यातून वर चढेना, म्हणून विकला. "आता हेडफोनवाला घेऊ, म्हणजे कुणाला त्रास नाही," इति जावई. त्रास! ज्याला शिट्टीसुद्धा सुरात वाजवता येत नाही, त्याला हिच्या वाजवण्याचा त्रास.

परवडण्याजोगे दोनच होते. हा जड पट्ट्यांचा आणि शेजारचा तो पिसासारख्या हलक्या पट्ट्यांचा, प्लास्टिकचा, ज्याच्याकडे तिनं मान वळवून पाहिलंही नव्हतं. अर्थात हाच. तिनं आता बटण चालू केलं आणि नवशिक्यांना द्यायची ती संथ धून धरली... दुसऱ्याच ओळीत करंगळीशेजारचं बोट मागे राहिलं. पुन्हा. पुन्हा तिथेच सूर गळला.

"पट्टी अडकतेय," ती म्हणाली.

विक्रेत्यानं एका बोटानं ती दाबली. स्वच्छ वाजली.

नाचता येईना, अंगण वाकडं — किती पोरांना तिनं हे त्यांच्या आयांदेखत ऐकवलं होतं!

"आई, हा बघ ना जरा," मागे उभी असलेली मुलगी त्या हलक्याकडे बोट दाखवत हळूच म्हणाली. "तुझ्या बोटांना बरा पडेल."

बघतेच. चार सुरांत याची लायकी दाखवते, म्हणून ती तिरमिरीत त्या प्लास्टिकसमोर बसली, तीच धून दुप्पट लयीत फेकली — आणि बोटं धावली. एकही सूर गळला नाही. ओळीमागून ओळ, अख्खी... कित्येक महिन्यांत अशी आली नव्हती.

"मग? कुठला घ्यायचा?" मुलीनं विचारलं.

"खेळणं आहे हे," ती फणकारली. पण हात उचलवेनात. लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली, निर्लज्जपणे, आनंद होत होता. मुलीनं एवढ्यात पुन्हा विचारू नये म्हणून ती मान खाली घालून वाजवतच राहिली...