टॉवेलाखालचा साक्षीदार

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हटल्यावर लगेच चुकचुकू नका, मला कुणाची कीव नको आहे. माझा पाया ओतीव लोखंडाचा आहे. पायाशी असलेला दांडा दाबला, की मी आजही न कुरकुरता वर जाते. बरं, थोडी कुरकुरते. पण जाते!

कारखान्यात माझ्यावर चामडं चढवणारी बाई म्हणाली होती, "हिच्यावर हत्ती बसला तरी हलायची नाही." हत्ती काही आला नाही, पण आमच्या गल्लीतला बेकरीवाला दर आठवड्याला यायचा. तोही काही कमी नव्हता.

मला घेतलं काकांनी. ते न्हावी, आणि सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणायची. त्यांचा एक नियम होता. दाढीआधी गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवायचा, आणि काका म्हणेपर्यंत तो काढायचा नाही. भले भले माझ्यावर मान टाकून गुपचूप पडून राहायचे.

सुट्टीच्या दिवशी काका आजाऱ्यांच्या आश्रमात फुकट केस कापायला जात. परत आले की मला पुसता पुसता चिडायचे. "त्या म्हातारीला स्टुलावर बसवतात! मान धरवत नाही तिला. मागे कलणारी खुर्ची हवी तिथे." आणि माझ्या पाठीवर थाप मारायचे.

पुढे पुतण्या दुकानात आला आणि त्याच्याबरोबर चकचकीत नव्या खुर्च्या आल्या. मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. फक्त काकांची जुनी गिऱ्हाइकं हट्टाने माझ्यावरच बसत. पुतण्याने तर एका हॉटेलवाल्याला मला विकायचा शब्दही देऊन टाकला. तिथे म्हणे लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढणार होते. शोभेची वस्तू? मी? माझं चामडं नुसतं तापलं!

काकांना हे कळलं आणि त्यांनी मृत्युपत्र केलं. घर पुतण्याला, दुकान आणि मी आश्रमाला. साक्षीदार दोन, शेजारी शिवणकाम करणाऱ्या ताई आणि शाळेतले मास्तर. पण काका पडले कामाचे माणूस. मास्तर माझ्यावर टॉवेलाखाली होते, तेवढ्यात काकांनी सही उरकली. ताईंनी ती पाहिली. मास्तरांनी टॉवेल निघाल्यावर डोळे चोळत साक्षीची सही ठोकली. पुतण्या हे सगळं बघत होता. तो गालातल्या गालात हसत कात्री चालवत राहिला.

मग काका आजारी पडले आणि पुतण्याला कंठ फुटला. "साक्षीदाराने सही होताना बघावी लागते," तो ताईंना हसत म्हणाला. "मास्तरांच्या तोंडावर तर टॉवेल होता. कोर्टात एवढं विचारलं, की संपलं."

ताई हातातली कात्री तशीच घेऊन काकांकडे धावल्या.

दुसऱ्या दिवशी काका आले. ताईंचा आधार, मागे मास्तर आणि वकीलबाई. काकांचा आवाज मात्र खणखणीत होता. "टॉवेल उचल तिच्यावरचे!"

पुतण्याने उचलले. काका माझ्यावर बसले. इतकी वर्षं त्यांनी लोकांना माझ्यावर बसवलं, स्वतः कधी टेकले नव्हते. किती हलके झाले होते हो! मला रडू आलं.

"काका, मी तुमच्या रक्ताचा," पुतण्या म्हणाला. "आश्रमातले कोण लागतात तुमचे?"

"गिऱ्हाईक लागतात," काका म्हणाले. "आणि घर तुलाच दिलंय ना? मग आता गप बस. मास्तर, चष्मा लावा. ताई, तुम्हीही बघा. वकीलबाई, आणा तो नवा कागद."

त्यांनी पेन हातात घेतलं. मी जागची तसूभरही हलले नाही. काकांनी अक्षर न् अक्षर सावकाश काढलं. मास्तर इतके वाकून बघत होते, की त्यांचं नाक कागदाला लागायचं बाकी होतं. मग दोघांनी सह्या केल्या. पुतण्या पाय आपटत बाहेर गेला. खुशाल जा म्हणावं!

काका त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. मी आश्रमात आले. दुकानाच्या भाड्यातून इथली औषधं येतात. पहिल्या दिवशी त्या म्हाताऱ्या आजींना माझ्यावर बसवलं आणि मला हळूच मागे कलवलं. आजींची मान माझ्या उशीवर टेकली. केस कापून होईपर्यंत त्या गाढ झोपल्या होत्या. काकांना हे बघायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं सांगून मी तुमची रजा घेईन असं वाटलं असेल. मुळीच नाही! जपून कोपऱ्यात ठेवू नका आम्हाला. आमच्यावर बसा, आम्हाला राबवा, आणि तुम्हाला नको असू तेव्हा ज्याला गरज आहे त्याला धडधाकट असतानाच देऊन टाका. चला, सरका बाजूला. खोलीबाहेर अजून तीन आजोबा खोळंबले आहेत.