जड पाणी

दुष्काळ सरल्याच्या दुसऱ्या वर्षी परभणीच्या कडेला वसलेल्या नव्या वसाहतीत नळ आले. तोवर बायांना मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणावं लागे. किराणा दुकानवाले वीरुपाक्षप्पा यांच्या अंगणात तोटी बसली, त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, उमादेवीनं, तिला हळदकुंकू लावलं आणि गल्लीत साखर वाटली. ज्यांच्या घरी नळ नव्हता त्यांच्यासाठी कोपऱ्यावर एक सरकारी नळ होता.

पाणी दिसायला काचेसारखं. पण आठ दिवसांत घागरींना पांढरा थर धरू लागला. तुरीची डाळ तीन-तीन तास चुलीवर ठेवली तरी बोटाखाली कच्ची लागायची. उमादेवी नवऱ्यावर चिडली.

"जुनी डाळ घरात आणून टाकता. गिऱ्हाइकाला नवी आन् आमाला टाकाऊ!"

"त्याच पोत्यातली अख्खी वसाहत खायलीय," वीरुपाक्षप्पा म्हणाले. त्यावरून दोन दिवस दोघं बोलले नाहीत.

त्यांच्याकडं धुणं धुवायला सरजाबाई येई. रुळांपलीकडच्या बौद्ध वस्तीतली, पंचेचाळिशीची, कमी बोलणारी बाई. पूर्वी ती धुण्याचं बोचकं ओढ्यावर नेई. आता अंगणातच धुऊ लागली. तोटी मात्र उमादेवी स्वतः सोडी आणि स्वतःच बंद करी. याबद्दल दोघींपैकी कुणी कधी काही बोललं नव्हतं.

ओढ्यावर साबणाची एक वडी आठ दिवस पुरायची. आता दोन दिवसांत संपू लागली. सरजाबाईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"अक्का, पानी जड हाय. साबन फुटायलाय बगा, दह्यावानी. फेसच धरंना."

"नवीन नळाला नावं ठेवू नको," उमादेवी म्हणाली होती. "हात चालव."

सरजाबाईनं पुन्हा तो विषय काढला नाही.

एका सकाळी चादरींचंही धुणं निघालं, म्हणून उमादेवीनं कोरी वडी काढून दिली. धुणं वाळत घालून सरजाबाई गेली, तेव्हा दगडावर नखाएवढी कपची उरली होती. उमादेवीच्या डोक्यात तिडीक गेली. ती तशीच पदर खोचून कोपऱ्यावर गेली. सरजाबाई घरी न्यायची घागर भरायला सरकारी नळावर थांबली होती. मागं-पुढं सात-आठ बाया होत्या. शेजारच्या केशरबाईही होत्या.

"सरजाबाई, वटी झाड."

"काय झालं, अक्का?"

"साबण कुठं गेला ते बघू दे सगळ्यांना. झाड वटी!"

सरजाबाईनं घागर खाली ठेवली. कमरेला खोचलेला पदर सोडला आणि उलटा करून झटकला. फडक्यात बांधलेली अर्धी भाकर पडली, तंबाखूची डबी पडली. दुसरं काही नव्हतं. उमादेवीला तेव्हाच थांबता आलं असतं. पण एवढ्या बायांसमोर मागं कसं सरायचं म्हणून ती म्हणाली, "आधीच कुणाच्या हाती पाठवला असंल. तुमच्या हाताला सवयच तसली."

सरजाबाईनं भाकर उचलली, फुंकली, फडक्यात बांधली. घागर तशीच रिकामी घेऊन ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

धुणं साचत होतं, पण उमादेवीला माहेरी जायचंच होतं. बोरीला धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. तिनं मळके कपडे गाठोड्यात बांधले, दुकानातली साबणाची एक वडी घेतली आणि झरीवरून जाणारी एस.टी. धरली.

बोरीत दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर धुणं घेऊन बसली. सवयीनं तिनं सदऱ्यावर वडी पाच-सहा वेळा खसाखसा ओढली आणि चोळायला लागली. फेस उसळला. हातावरून, दगडावरून, पायावरून वाहू लागला. तीन बादल्या ओतल्या तरी सरेना. थोरली भावजय हसायला लागली.

"वन्सं, किती साबण लावायलाव! दुकान हाय म्हणून काय?"

उमादेवीनं हातातल्या वडीकडं पाहिलं. गाठोडं अर्धं धुऊन झालं होतं आणि वडीचे कोपरेसुद्धा झिजले नव्हते. तिनं पुढचा कपडा घेतला, एकदाच साबण फिरवला. तरी फेस.

ती उठली. भावजयीला म्हणाली, ऊन लागलं. घरात जाऊन भिंतीला टेकून बसली. दुपारी पानात डाळ आली ती लोण्यासारखी शिजलेली होती. तिनं पान पुढं सारलं. आपण काय बोललो ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि सगळ्यात जास्त 'तुमच्या' हा शब्द. केशरबाईंवर असा संशय आला असता तर आपण चारदा विचार केला असता. सरजाबाईच्या बाबतीत एकदाही करावा लागला नव्हता.

परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. वीरुपाक्षप्पा म्हणाले, "झालं ते झालं. दुसरी बाई बघ."

"मी तिच्या घरी जायलेय."

"तिच्या घरी? लोक काय म्हणतील?"

ती गेली. चार वर्षं ती बाई आपल्या घरी येत होती आणि तिचं घर कुठलं हे उमादेवीला दोघांना विचारावं लागलं. घर एका खोलीचं, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. सरजाबाईनं पोतं अंथरलं.

"बसा. पानी इचारत न्हाई, तुमच्यात चालत न्हाई."

'चालतं' म्हणायला उमादेवीची जीभ उचलली नाही. खाली बघत ती एवढंच म्हणाली, "माझं चुकलं. साबण तुमी नेला नव्हता. पाण्यानंच खाल्ला."

सरजाबाईनं उघड्या दारातून बाहेर पाहिलं. मग म्हणाली, "वटी झाडायला लावली चौकात. आन् चुकलं म्हनायलाव घरात येऊन. हितं कोन हाय ऐकायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उमादेवी कोपऱ्यावर गेली. त्याच बाया होत्या. सरजाबाई रांगेत तिसरी होती. उमादेवीनं रात्रभर वाक्यं जुळवली होती, पण केशरबाईंनी "काय वहिनी, इकडं कुठं?" विचारलं आणि सगळी विस्कटली.

"ते... साबणाचं सांगायला आले," ती हसत म्हणाली. "सापडला बरं का साबण."

"बघा! मी म्हणत नव्हते?" केशरबाई म्हणाल्या. दोघी-तिघी हसल्या. इतकं सोपं होतं. उमादेवी वळलीसुद्धा.

"कुठं सापडला, अक्का?"

सरजाबाईचा आवाज चढा नव्हता. बाया तिच्याकडं बघू लागल्या, मग उमादेवीकडं. नळाखालची घागर भरून वाहत होती तरी कुणी ती काढेना. उमादेवीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"सापडला न्हाई," ती म्हणाली. "गेलाच नव्हता. पाणी जड हाय, साबण धरत न्हाई. हे सरजाबाईंनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई, आन् त्यांना चोर म्हणाले. आतासुद्धा खोटं बोलले."

कुणी हसलं नाही. केशरबाईंनी मान फिरवली. सरजाबाई पुढच्या बाईला म्हणाली, "घागर काढा, पानी वाया जायलंय." आपला नंबर आला तशी तिनं घागर भरली, चुंबळीवर घेतली आणि गेली.

ती कामावर परत आली नाही. उमादेवीनंही बोलावणं पाठवलं नाही. कोणत्या तोंडानं पाठवायचं? ती स्वतः धुऊ लागली. त्या पाण्यात बोटांची कातडी फाटली. धुताना कोपऱ्यावर सरजाबाई दिसली की ती बादली उचलून घरात जाई आणि रांग पुढं सरकेपर्यंत दाराआड थांबे.

उन्हाळ्यात अंगणातल्या नळाला धार येईना. हंडा घेऊन उमादेवीला कोपऱ्यावर उभं राहावं लागलं. सरजाबाई पुढं होती. तिची घागर भरत आली आणि धार बारीक होऊ लागली. तिनं घागर अर्धं बोट कमी असतानाच काढली.

"लावा हंडा," ती म्हणाली. "पानी जायलंय."

उमादेवीनं हंडा लावला. तो भरेपर्यंत तिनं मान वर केली नाही.