एका बदामाचं सार्वमत

अकोल्याच्या अंगणात सडा घालताना मृणालिनीची आत्या म्हणायची,

पाहुणा गं दारी आला, दिवाळीचा सण
त्याला विचारीतं कोण, वार कोणता

आवाज खरखरीत, पण पहाटेच्या गारठ्यात अंगभर ऊब देणारा. आत्या जाऊन युग लोटलं, अंगणावर दुकानं आली, ओवी मात्र मृणालिनीच्या पदराला धरून टेक्सासपर्यंत आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने ती सहज म्हणून दाखवली आणि तिथेच घात झाला. सण पंचांगातल्या दिवशीच हवा म्हणणारे तिथीवाले म्हणाले, ओवी आमची. पाहुणा येईल त्या दिवशी त्याला घरात घ्या. शनिवारवाले म्हणाले, छे, आमची. वाराचं एवढं काय घेऊन बसलात?

तिथल्या शुगर लँड गावच्या मराठी मंडळाचा मूळ रिवाज असा, की सण पंचांगात कुठेही असो, साजरा व्हायचा तो जवळच्या शनिवारी. गुढी शनिवारी उभी राहायची, गणपती शनिवारी यायचे, तुळशीचं लग्न शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी लागायचं. कोणाची तक्रार नव्हती. देवांनीही निमूट ॲडजस्ट करून घेतलं होतं.

मग मृणालिनीचे यजमान पुरुषोत्तम रिटायर झाले. तेलाच्या पाइपलाइनी सांभाळण्यात हयात गेलेला माणूस. सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "आयुष्यभर कंपनीच्या शटडाउनप्रमाणे सण केले. आता तरी दिवाळीला तिच्या दिवशी भेटू द्या." बोलता बोलता आवाज कापला. तो कापलेला आवाज मृणालिनीच्या काळजात काट्यासारखा मोडून राहिला.

मृणालिनीच्या मैत्रिणीचा, नीलांबरीचा, नवरा अतुल ताडकन उठला. "आणि पोरं कशी येणार? यंदा दिवाळी सोमवारी, सुट्टी काय तुझा पंचांगवाला देणार?"

"पोरांसाठी सूर्य थांबतो का रे?"

"सूर्याला ऑफिस नसतं, पुरुषोत्तम!"

झालं. सार्वमत ठरलं.

ऑनलाइन नको, तरुण मंडळी दोनदोनदा बटण दाबतात, असं ज्येष्ठांचं म्हणणं. म्हणून तांदळाचा स्टीलचा डबा घेतला. तिथीला सुपारी, शनिवारला बदाम. घराघरांपुढच्या हिरवळीवर पाट्या लागल्या. मृणालिनीच्या समोरच्या डेब्राने तर विचारलं, हा तिथी कुठल्या पार्टीचा, आणि निवडून आला तर प्रॉपर्टी टॅक्स कमी करणार का?

मृणालिनीच्या मनात शनिवार होता. मुलगी रुही ऑस्टिनला कॉलेजात शिकवते, ती येते शनिवारीच. ती आली की घर पाखरांनी भरलेल्या झाडासारखं होतं. एरवी दोन माणसं आणि एसीची घरघर. पण हे बोलायचं कोणाजवळ? पुरुषोत्तम तर तिथीवाल्यांचे सेनापती.

मतदानाच्या दिवशी साडी बांधून आडोसा केला होता. आत दोन ताटं. हवं ते मुठीत घ्यायचं, बाहेर यायचं, डब्याच्या तोंडाला शिवलेल्या स्वेटरच्या बाहीत हात घालून मूठ सोडायची. डब्याशेजारी दोन खुर्च्यांवर पुरुषोत्तम आणि अतुल, एकमेकांवर पहारा देत. मृणालिनी सगळ्यात शेवटी आत गेली. तिने बदाम उचलला.

ती बाहेर आली, तर पुरुषोत्तम उठलेच. "अगं, जपून, खाली वायर आहे," म्हणत त्यांनी तिची नेमकी तीच मूठ धरायला हात पुढे केला. मायेनेच केला, तिचे गुडघे दुखतात म्हणून. पण हात धरला असता तर मूठ उघडली असती. चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देताना जिचा हात कधी हलला नाही, ती बाई गडबडली. खोकल्याचं निमित्त करून मूठ तोंडाकडे नेली. बदाम गालात गेला. मग रिकामीच मूठ बाहीत घातली आणि अंगठी स्टीलवर आपटली. टण्.

पुरुषोत्तमांचा चेहरा उजळला. पाइपला कान लावून गळती ओळखणारा माणूस तो. बदाम टप् वाजतो, सुपारी टण्.

"ऐकलंस?" ते अतुलच्या कानात म्हणाले. "घरची सुपारी!"

मृणालिनी बोलणार कशी, गालात बदाम होता. गाडीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून तिने तो चावला. गोड निघाला, याचंच तिला जास्त लागलं.

तिथी एका मताने जिंकली. मंडळाच्या घटनेत स्पष्ट लिहिलेलं, मतं सारखी पडली तर जुना रिवाज चालू राहील. म्हणजे तो एक बदाम डब्यात पडता, तर शनिवार वाचला असता.

पुरुषोत्तम किराण्याच्या दुकानात, औषधांच्या रांगेत, सकाळच्या वॉकला, भेटेल त्याला सांगू लागले, "शेवटची सुपारी आमच्या मिसेसची!" दर वेळी ती म्हणणार, अहो ऐका ना, आणि दर वेळी त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत असत. शब्द गिळावा लागे, बदामासारखाच.

नीलांबरीचा फोन आला. "तुझ्या मनात शनिवार होता, मृणाल. मला माहीत होतं. नवऱ्यापुढे मान तुकवलीस ना?"

"नीला, अगं, तसं नाही..."

"मग कसं?"

खरं सांगितलं तर ते अतुलकडे जाणार, अतुलकडून मंडळभर. पुरुषोत्तमांचं हसू होणार. मृणालिनीने भाजणी कधी करायची ते विचारलं.

"कळलं," नीलांबरी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. या दोघी मुलं पोटात असल्यापासूनच्या मैत्रिणी. दर दिवाळीच्या चकल्या एका ओट्यावर. आता भाजणी राहिली इकडे, सोऱ्या राहिला तिकडे, आणि दोन्ही घरांत चकल्या आल्या दुकानातल्या, तेलकट.

पुढे तर कहरच झाला. तिथीवाल्यांत भांडण लागलं, तिथी इथली की तिथली? पुण्यात संध्याकाळ होते तेव्हा इथे नुकती न्याहारी झालेली असते. शनिवारवाले हरले तरी शांत बसेनात, त्यांच्यात आधीचा शनिवार आणि नंतरचा शनिवार अशी फूट पडली. एका गावात चार दिवाळ्या. रुही फोनवर हसली, "आई, यू गाइज ब्रेक्झिटेड दिवाळी!" मग आवाज उतरला. "मंडेला नाही गं जमणार. आय हॅव क्लासेस."

लक्ष्मीपूजन सोमवारी आलं. शाळा चालू, त्यामुळे हॉल मिळेना. मिळाली ती एक स्केटिंग रिंक, तीही सकाळचीच. 'तिथली' तिथीवाले खूश. इथल्यांनी बहिष्कार टाकला. रिंकचा मालक भला माणूस, पण इन्शुरन्सपुढे त्याचाही इलाज नव्हता. स्केट्स घातल्याशिवाय लाकडी फरशीवर कोणी उतरायचं नाही. तेव्हा लक्ष्मी सोडून सगळ्यांच्या पायांत चाकं आली. गुरुजी मंत्र म्हणत हळूहळू दाराकडे घरंगळत, त्यांना दोघं जण परत ओढून आणत. आरतीचं ताट निघालं ते प्रदक्षिणा घालूनच थांबलं.

बाहेर पार्किंगमध्ये, ऑक्टोबरातही घाम काढणाऱ्या उन्हात, दोन्ही शनिवारवाले त्या दिवसापुरते एक होऊन 'आज दिवाळी नाही' अशा पाट्या घेऊन उभे. सगळे मुद्दाम रोजच्या कपड्यांत. तास-दीड तास झाला आणि नीलांबरीला बाथरूमला जायची वेळ आली. बाथरूम रिंकच्या पलीकडे. तिलाही स्केट्स घालाव्या लागल्या.

इकडे पुरुषोत्तमांनी माइक घेतला. "जिच्या एका सुपारीने आपल्याला आपला दिवस परत मिळाला, तिचा सत्कार करू या! मृणाल, ये!"

मृणालिनी पैठणी सावरत निघाली, तोच समोरून नीलांबरी पाटीसकट आली. थांबायचं कसं ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. कठड्याजवळ धडकल्या, आणि पडू नये म्हणून एकमेकींचे दंड घट्ट धरले. पाटी खाली पडली.

"सोड मला," नीलांबरी म्हणाली.

"सोडलं तर दोघी आपटू."

"आपटू दे. तू काय, सत्काराची बाई."

तिचे डोळे भरले होते. कपाळावर उन्हाने पुरळ उठलं होतं. मृणालिनीला वाटलं, आपण हिचा हात धरलाय तो किती महिन्यांनी.

"दोन शब्द बोल, मृणाल!" सत्काराची शाल खांद्यावर टाकून पुरुषोत्तम कठड्याला धरून धरून जवळ आले, माइक तिच्या तोंडापुढे धरला. हसत होते. लग्नात हसले होते तसेच. हे हसू आता आपल्या हातून जाणार, हे तिला दिसत होतं. नीलांबरीचा दंड तिने सोडला नाही.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज रिंकभर घुमला, "ती सुपारी नव्हती हो. माझी अंगठी वाजली. मी बदाम घेतला होता. शनिवारी रुही येते म्हणून. तुमच्यासमोर टाकायचा धीर झाला नाही, म्हणून मी तो खाल्ला."